चटणीच्या बाजूचा माऊस

लहान मुलाला उजवा-डावा हात शिकवायची आपल्याकडे एक सोपी युक्ती आहे. "जेवायचा हात कुठला?" असं विचारायचं. पोर जो हात वर करील तो उजवा, राहिला तो डावा. मलाही तसंच विचारलं होतं आणि मी हात वर केला होता. अडचण एवढीच होती की मी डाव्या हाताने जेवायचे.

त्यामुळे सुरुवातीला माझ्या डोक्यात डावा हाच उजवा होता. मग घरी, बालवाडीत, आत्याकडे, सगळीकडे मिळून तो बदलायचं काम सुरू झालं. मला कुणी मारलं वगैरे नाही. घास डाव्या हातात दिसला की आई हातातलं काम थांबवून नुसती बघायची, आणि घास उजव्या हातात जायचा. लिहिणंही तसंच उजव्या हाताकडे गेलं. रांगोळी तेवढी डाव्याकडे राहिली, कारण सकाळी दारात वाकून बसलेल्या मुलीचा हात कोण बघतंय. लग्नकार्यात मात्र मला पंगतीच्या डाव्या टोकाला बसवायचे. मी उजव्या हाताने जेवत असले तरी डावं कोपर मध्येच बाहेर यायचं आणि शेजारच्याच्या घासाला धक्का लागायचा. अजूनही पंगतीत शिरले की माझे पाय आपोआप टोकाकडे वळतात.

या सगळ्यातून एक गोष्ट मागे राहिली. कुणी 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हटलं की मला आधी स्वतःला विचारावं लागतं, जेवायचा हात कुठला? मग लगेच दुसरा प्रश्न, कुठला जेवायचा, आधीचा की नंतरचा? एवढं होईपर्यंत एखादा क्षण जातो. रोजच्या आयुष्यात क्षणाने काही बिघडत नाही. फार तर रिक्षावाला वैतागतो. पण कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये तेवढ्यात माणूस मरतो.

हे लिहावं की नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं. एका मुलीने माऊस विकत घेतला, यात लिहिण्यासारखं काय आहे? पण तो माऊस घेताना मला पहिल्यांदा कुणाचंही न ऐकता काहीतरी ठरवावं लागलं होतं. म्हणून लिहिते.

आम्ही वाघोलीला राहतो. वडील खराडीतल्या एका कंपनीची स्टाफची बस चालवतात. आई घरीच मेस चालवते. पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं आहेत आणि तिथे दुपारी-संध्याकाळी कॉलेजची मुलं आणि कंपन्यांमधले एकटे राहणारे लोक जेवायला येतात. कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिली. बाकीच्यांना मी काय शिकते ते नीटसं सांगता येत नाही. "कॉम्प्युटरचं," एवढंच ते सांगतात, आणि तेवढं सांगतानाही आवाज जरा बदलतो.

मेसला येणाऱ्या एका दादांची बंगळूरला बदली झाली तेव्हा त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला. "काकूंच्या आमटीसाठी," म्हणाले. त्याच्यावर अभ्यास झाला आणि गेमही सुरू झाला. गेमची ओळख करून दिली ती मेसला येणाऱ्या, इंदूरहून शिकायला आलेल्या एका मुलाने. तो माझ्याच वर्गात होता. त्यांच्या पाच जणांच्या टीममधला एक जण कॉलेज सोडून गेला होता आणि त्यांना कुणीतरी हवं होतं. गेम पाच विरुद्ध पाच असा. सगळे आपापल्या घरून इंटरनेटवरून खेळायचे आणि कानाला लावलेल्या माईकमधून एकमेकांशी बोलायचे. मला त्यांनी औषधाचं काम दिलं. म्हणजे टीममधल्या कुणाला गोळी लागली की त्याला बरं करायचं, त्याच्यापुढे ढाल उभी करायची, शत्रूला दिसू नये म्हणून धूर सोडायचा. हे काम मला आवडलं. आपण कुणाला मारलं नाही तरी चालतं, पण आपल्यावाचून बाकीच्यांचं चालत नाही.

बोलायची मात्र भीती वाटायची. टीमचा कॅप्टन कोथरूडचा. आमच्यापेक्षा एक वर्ष पुढे होता आणि अगदी मोजकं, कोरडं बोलायचा. बाकीचे दोघं निम्मं इंग्रजी बोलायचे, इंदूरचा हिंदीत बोलायचा. मी कॉलेजात सांभाळून 'आहे' म्हणते, पण घाईत तोंडातून घरचंच येतं. पहिल्याच दिवशी मला आमच्या मागून शत्रू येताना दिसले आणि मी माईकमध्ये म्हणाले, "मागं दोघं हाय."

इंदूरचा म्हणाला, "हाय, हाय. हॅलो."

"तसं नाय, मागं हाय."

"अरे हाय बोला ना. अब खेलें?"

तेवढ्यात मागच्या दोघांनी आम्हाला संपवलं. कॅप्टन म्हणाला, "पाहुण्यांचं स्वागत छान झालं." सगळे हसले, मीही हसले, पण त्यानंतर मी माईक बहुतेक बंदच ठेवायला लागले. दिसलं ते सांगायचं नाही, सांगितलं ते करायचं. आणि सांगितलेलं करताना डावं-उजवं आडवं यायचं. कॅप्टन "लेफ्ट!" म्हणायचा आणि मी कितीदा तरी उजवीकडे वळायचे. धूर एकीकडे, टीम दुसरीकडे.

दुसऱ्या सत्रात कॉलेजांच्या टीमची ऑनलाइन स्पर्धा जाहीर झाली. त्यात पाचच नावं द्यायची होती. पहिल्या वर्षाचा एक मुलगा टीममध्ये यायला उत्सुक होता आणि त्याचा हात चांगला होता. कॅप्टनने मला कँटीनमध्ये गाठलं.

"तुझं डोकं चालतं," तो म्हणाला. "कुणाला कधी औषध द्यायचं ते तुला न सांगता कळतं. पण द्यायला उशीर होतो. का होतो?"

मी म्हणाले, "बटणं लांब आहेत."

ते खरं होतं. डावा हात कीबोर्डवर चालण्याच्या बटणांवर असतो, उजवा माऊसवर. औषध, ढाल, धूर हे सगळं वरच्या आकड्यांवर. चालता चालता बोट ताणून सात-आठपर्यंत न्यायचं म्हणजे चालणं थांबतं. माझ्याकडे माऊस होता तो ऑफिसातला साधा, दोन बटणांचा आणि मध्ये एक चाक.

"मग अंगठ्याला बारा बटणं असलेला माऊस घे. सगळं अंगठ्यावर येईल. मीही तोच वापरतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारच्या प्रॅक्टिसनंतर नावं देणार आहे. पाचवं तुझं की त्याचं, ते तेव्हा बघू."

तो वाईट वागला नाही. उलट त्याने तोंडावर सांगितलं याचं मला बरंच वाटलं. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच शब्द फिरत होता, डावलणं. लहानपणापासून मला वाटायचं की हा शब्द माझ्याच हातावरून आला असणार.

वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं नारायण पेठेत गेलो. तिथे एक जुनं दुकान आहे, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारं. मेसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं की मालक तिरसट आहे, पण वस्तू हातात घेऊन बघू देतो. दुकान अरुंद होतं. काउंटरवर एक कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्या मागे चष्मा कपाळावर चढवलेले एक काका बसले होते.

मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात वडीलच म्हणाले, "त्यो बारा बटणांचा उंदीर दावा जरा. हिला पायजे."

काकांनी वर पाहिलं. "उंदरांचे पिंजरे बोहरी आळीत मिळतात. इथे माऊस आहेत."

"तेच ओ. मराठीत मागितला," वडील म्हणाले.

काकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी एक खोका काढला, त्यातला माऊस कॉम्प्युटरला जोडला आणि माझ्याकडे सरकवला. बाजूला अंगठा ठेवायच्या जागी छोट्या छोट्या बटणांच्या चार ओळी होत्या, एकेका ओळीत तीन. जुन्या मोबाइल फोनवर असायची तशी.

"बोटं किती आहेत आपल्याला?" काकांनी विचारलं.

"पाच," मी म्हणाले. "एका हाताला."

"त्यातली चार माऊस धरायला लागतात. उरला अंगठा. त्या एकट्याला बारा गिऱ्हाइकं. बघा जमतंय का."

मी उजव्या हातात धरला. अंगठ्याने पाच दाबायला गेले की पाच आणि आठ दोन्ही दाबले जायचे. एकावर थांबायला गेले की चारावर जायचे. सवयीने येईल, असं मी मनाशी म्हणाले. मोठ्याने फक्त "छान आहे" म्हणाले.

काकांनी पडद्यावर चित्र काढायची पाटी उघडली. "काहीतरी काढा. वस्तू हाताला बसते की नाही ते नुसतं धरून कळत नाही."

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी रांगोळीतलं कमळ काढलं. पाकळ्या एकमेकांत गेल्या.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"कमळ."

"मला कोबी वाटला."

वडील हसले. मी खाली बघून शेजारचा दुसरा खोका उचलला आणि त्याच्यावरचं बारीक छापलेलं वाचायला लागले. काका माझ्या हाताकडे बघत होते.

"डावखुऱ्या का आपण?"

"नाही," मी म्हणाले.

"व्हय," वडील त्याच वेळी म्हणाले.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आमच्या दोघांकडे एकेकदा बघितलं आणि म्हणाले, "घरी ठरवून या."

मला इतकं ओशाळं वाटलं की मी निघायलाच वळले. पण वडील जागचे हलले नाहीत. त्यांनी तो बारा बटणांचा माऊस उचलला आणि माझ्या डाव्या हाताखाली ठेवला. "धर की. इथं कोण बघतंय?"

तो डाव्या हातात बसेना. त्याची ती बटणं करंगळीखाली आली आणि अंगठा दुसऱ्या बाजूला गुळगुळीत प्लास्टिकवर रिकामा राहिला. एका हाताचा बूट दुसऱ्या पायात, तसं काहीतरी. मी तसं बोलून गेले आणि मग त्या हाताच्या बुटाचं माझं मलाच हसू आलं.

"तो उजव्या हातासाठीच ओतलेला आहे," काका म्हणाले. "डाव्या हाताचा बटणांचा माऊस येतो. मागवावा लागतो. कधी येईल ते विचारू नका, मी ज्योतिषी नाही." मग त्यांनी खालच्या फळीवरून तिसरा खोका काढला. "हा दोन्हीकडून सारखा. दोन्ही कुशींना दोन-दोन बटणं, चाकामागे एक. बारा नाहीत. पण यात डावं-उजवं केलेलं नाही."

मी तो डाव्या हातात धरला. शाळेच्या लॅबमध्ये माऊसची वायर उजव्या बाजूने काढून टेबलाला बांधलेली असायची. ती डावीकडे पोचतच नसे. त्यामुळे आजवर मी डाव्या हाताने माऊस कधी धरलाच नव्हता, आणि तसं धरावंसं वाटलंही नव्हतं. पाटी पुसली आणि पुन्हा कमळ काढलं. पाकळी जिथे वळायला हवी तिथे वळली. दुसरी तिच्या शेजारी बसली. मी थांबलेच नाही, देठ काढला, दोन पानं काढली.

काकांनी पडदा जरा स्वतःकडे वळवून बघितला.

वडिलांना राहवलं नाही. "आमच्या बसला बी गियर डाव्याच हाताला हाय," ते काकांना सांगायला लागले. "पाच गियर अन् एक रिव्हर्स, एकाच दांड्यात. खाली बघायचं काम न्हाय. उजव्यानं पाडून दावावा कुणी."

"मी बस विकत नाही," काका म्हणाले.

मी बाहेर पायरीवर जाऊन कॅप्टनला फोन लावला. दोन माऊसचं सगळं सांगितलं. डाव्या हाताचंही सांगितलं, अडखळत.

"तू आजपर्यंत उजव्या हाताने खेळलीस," तो म्हणाला. "आता डाव्याने खेळणार. म्हणजे कीबोर्डही उजव्या हातावर. म्हणजे सगळं नव्याने. आणि रविवारी प्रॅक्टिस. बाराचाच घे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला ते बरोबर वाटतं. मी आत गेले. दोन्ही खोके काउंटरवर शेजारी शेजारी होते. वडिलांनी विचारलं, "काय म्हनला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काय, त्याचा हात न्हाय." एवढंच बोलून ते बाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिले. घे म्हणाले नाहीत, घेऊ नको म्हणाले नाहीत.

मी दोन्हीकडून सारखा असलेला माऊस पुढे सरकवला. "हा द्या."

"नक्की?" काकांनी विचारलं. "परत घेत नाही मी. पाटी लावलेली आहे."

"नक्की," मी म्हणाले, आणि तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सरळ आवाजात आला की मलाच नवल वाटलं.

घरी आईने माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलेला बघितला. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"डाव्या हातानं?"

"खेळण्यापुरतं," मी म्हणाले.

"खेळ. पर वाढताना पातेल्याला त्यो हात लागला तर बघ."

हे तिने इतक्या लगेच मान्य केलं याचं मला आश्चर्य वाटलं. नंतर लक्षात आलं, तिला फक्त जेवणा-वाढण्याची काळजी होती. बाकी कामांना कुठला हात लागतो ते तिने कधीच मनावर घेतलं नव्हतं.

दुपारची मेस आवरल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी जो मोकळा वेळ असतो, त्यात मी सराव करायला लागले. सुरुवात फार वाईट झाली. उजव्या हाताला चालायचं माहीत नव्हतं. मी भिंतींना धडकत होते, पायऱ्यांवरून पडत होते, एकदा तर आमच्याच मुलाला औषध द्यायच्या ऐवजी धुरात कोंडलं. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून वेगळी होती. डाव्या अंगठ्याखाली दोन बटणं होती, एक औषधाचं, एक ढालीचं, आणि चाकामागे धूर. ती शोधावी लागत नव्हती. कुणाला गोळी लागली हे डोळ्यांना दिसायचं तेव्हा अंगठ्याने दाबलेलं असायचं. वडील गियरबद्दल जे म्हणाले होते ते मला तेव्हा थोडं कळलं.

सुधारलं नाही ते एकच. "लेफ्ट!" म्हटलं की मी अजूनही अडकायचे. उलट आता जास्तच, कारण हातांची अदलाबदल झाल्यावर डोक्याने उरलासुरला भरवसाही सोडला होता. आधी जेवायचा हात बदललेला, आता खेळायचाही बदलला. शनिवारच्या प्रॅक्टिसमध्ये कॅप्टनने तीनदा लेफ्ट सांगितलं आणि मी तीनदा थांबले. चौथ्यांदा त्याने लेफ्ट म्हटलंच नाही, स्वतःच तिकडे गेला. त्याचाच मला धसका बसला. पहिल्या वर्षाचा तो मुलगा त्या दिवशी बघायला म्हणून ऑनलाइन आला होता.

त्या संध्याकाळी मी मेसमध्ये वाढत होते. आमच्याकडे स्टीलची ताटं आईने आधी भरून ओळीने ठेवलेली असतात आणि मी ती टेबलावर नेऊन ठेवते. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. याबाबतीत सगळ्यांना आईचं ऐकावंच लागतं. कंपनीतले मोठे पगारवाले लोकही चटणी उजवीकडे मागत नाहीत.

इंदूरचा उशिरा आला आणि स्वतःच ताट उचलून बसला. त्याने ते उलटं ठेवलं होतं, चटणी उजवीकडे. मी आमटीचं भांडं घेऊन मागून जात होते. जाता जाता, दुसऱ्या कुणाशी बोलत असतानाच, मी बोटाने त्याचं ताट फिरवलं.

"चटणी डावीकडे," मी म्हणाले आणि पुढे गेले.

तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक मिनिट. इधर तो तुझे लेफ्ट समझता है."

मी थांबले.

"देखा भी नहीं तूने," तो म्हणाला. "सोचा भी नहीं."

खरंच होतं. ताटाच्या बाबतीत मी कधी चुकलेच नव्हते. हात बदलला होता, ताट कधी बदललं नव्हतं. जेवणारा कुठल्याही हाताने जेवो, चटणी तिच्याच जागी असते.

रविवारी प्रॅक्टिस सुरू झाली. इंदूरच्याने मला आधी काही सांगितलं नव्हतं. आम्ही एका पडक्या गोदामासारख्या जागेत शिरत होतो, तेवढ्यात तो माईकमध्ये ओरडला, "चटणी! चटणी!"

मी वळले. विचार न करता, सरळ डावीकडे. तिथे दोघं होते. धूर सोडला, ढाल उभी केली, कॅप्टनला गोळी लागली होती त्याला औषध दिलं. सगळं एका दमात झालं आणि आम्ही पाचही जण उभे होतो.

मग कॅप्टन म्हणाला, "हे काय होतं?"

"लेफ्ट," इंदूरचा म्हणाला. "मराठी में."

"मराठीत लेफ्टला चटणी म्हणतात हे मला कोथरूडात कुणी सांगितलं नाही."

मग मला माईक चालू करावाच लागला. मी ताटाचं सांगितलं. जेवायच्या हाताचंही सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना वाटलं होतं की हसतील. हसले, पण ते हसणं त्या पहिल्या दिवसासारखं नव्हतं. बाकीच्या दोघांपैकी एक जण म्हणाला की त्याच्या आजीकडे कोशिंबीर उजवीकडे वाढली म्हणून पाहुण्यांनी अजून बोलणं टाकलंय.

"आणि उजवीकडे काय?" कॅप्टनने विचारलं.

"भाजी," मी म्हणाले.

"समोरून आले तर? वरणभात?"

"समोर दिसतंच की," मी म्हणाले. "त्याला नाव कशाला?"

तो हसला. त्याला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्ही संध्याकाळच्या मेसपर्यंत खेळलो. दोनदा मी भिंतीला धडकले, एकदा चुकीच्या माणसाला ढाल दिली. पण बाजू चुकले नाही.

शेवटी कॅप्टन म्हणाला, "तुला बाराचा माऊस आणायला सांगितला होता."

"हो."

"आणला नाहीस."

"नाही."

"बरं. उद्यापासून सगळ्यांनी चटणी आणि भाजी पाठ करा. स्पर्धेत लेफ्ट-राइट कुणी म्हणायचं नाही. समोरच्यांनी ऐकलं तरी त्यांना भूक लागेल, बाकी काही कळणार नाही."

मी ते वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. सगळ्यांनी, असं तो म्हणाला होता. पाचवं नाव कुणाचं हे त्याने वेगळं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. माऊसवरून हात काढला आणि ताटं मांडायला उठले.

स्पर्धा कॉलेजच्याच लॅबमधून खेळायची होती. पाच कॉम्प्युटर एका लांब टेबलावर ओळीने. मी माझा माऊस पिशवीतून नेला होता. बाकीचे बसायला लागले तेव्हा मी न बोलता डाव्या टोकाच्या खुर्चीकडे गेले आणि पिशवी तिथे ठेवली.

"तिकडे कुठे?" कॅप्टनने विचारलं.

"माझं कोपर लागेल कुणालातरी. माझा माऊस डावीकडे असतो आणि शेजारच्याचा उजवीकडे. दोन्ही एकाच जागेत येतात." हे समजावून सांगायची मला इतकी सवय आहे की मी ते झोपेतही सांगेन.

"औषधवाली टोकाला बसली तर उरलेल्यांनी कुणाकडे बघायचं?" तो म्हणाला. "मध्ये बस."

त्याने मधली खुर्ची ओढली. माझ्या डावीकडे इंदूरचा होता. त्याने स्वतःचा कीबोर्ड पलीकडे ढकलला, माऊस उचलून थोडा मागे घेतला आणि आमच्या दोघांच्या मधली टेबलाची जागा तळहाताने पुसल्यासारखी मोकळी केली. "ये ले. तेरी तरफ की चटणी," म्हणाला. मी माऊस तिथे ठेवला. वायर मागून नेली. ती पुरली.

त्या दिवशी आम्ही पहिली मॅच जिंकलो आणि दुसरी हरलो. हरल्यावर सगळे वाघोलीला आमच्या मेसवर जेवायला आले आणि आईने प्रत्येकाला विचारून विचारून वाढलं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. कॅप्टन खराडीतल्या त्याच कंपनीत लागलाय आणि वडिलांच्याच बसने जातो. तो माऊस अजून चालतो. त्याच्या कुशीतली दोन बटणं अंगठ्याने गुळगुळीत झालीत, पलीकडची दोन नव्यासारखी आहेत.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात आधी आठवतं ते पहिल्या मॅचची सुरुवात. काउंटडाऊन संपला, आम्ही पाचही जण एका बोळात उतरलो. कानात सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. माझं कोपर इंदूरच्याच्या कोपराला लागत होतं आणि तो सरकत नव्हता, मीही सरकत नव्हते. मला त्यांच्याआधी काहीतरी हललेलं दिसलं. माझा माईक चालू होता. घाईत जे तोंडात आलं तेच मी बोलले.

"चटणीकडं दोघं हाय."

आणि चौघंही डावीकडे वळले.